मोजणीबाहेरचा आवाज

मी बोलतोय असं म्हणायची माझी जरा पंचाईत आहे. मी एक लॅपटॉप. उभ्या आयुष्यात जे काही बोललो ते एका बाईंच्या आवाजात. तो आवाज अजून माझ्या पोटात आहे, पण तोंड बंद झालं आहे. म्हणून हे सांगणं ऐकू येणार नाही, वाचावं लागेल.

जन्माबद्दल सांगण्यासारखं थोडंच. एका लांबलचक खोलीत, पांढऱ्या दिव्यांखाली, हातमोजे घातलेल्या बायांनी मला जोडलं. माझं झाकण बसवणारीला जेवणाच्या सुट्टीची घाई असावी, कारण डाव्या कोपऱ्यातला एक स्क्रू तिरका बसला. तो आजही तिरका आहे. माझ्यात त्या काळची नवीकोरी ऑपरेटिंग सिस्टिम होती, म्हणजे संगणकाला उठायला, ऐकायला, बोलायला शिकवणारा मूळ प्रोग्राम. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "एकदम लेटेस्ट. पाच वर्षं तरी बघायला नको." पाच वर्षांनंतर काय, हे त्याला कोणी विचारलं नाही. घेताना कोण विचारतं?

मला घेतलं मोटार ड्रायव्हिंग शाळेच्या बाईंनी. शाळा म्हणजे रस्त्यालगतची एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा फळा, चार खुर्च्या आणि दारात उभी एक पांढरी गाडी. त्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक बाईंच्या. गावातली निम्मी माणसं त्या दुसऱ्या ब्रेकमुळे जिवंत होती. त्यामुळे बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणायचे, तोंडावरसुद्धा.

मी टेबलावर असायचो. परीक्षेचे प्रश्न माझ्यावर सोडवून घ्यायचे, एवढंच माझं काम. पण दार उघडं असल्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू यायचं.

"बाई, भीती वाटते हो."

"तुम्ही फक्त गाडी चालवा. घाबरायचं काम माझ्याकडे आहे."

गाडी हलण्याआधी प्रत्येकाला बाईंचं एक वाक्य म्हणून दाखवावं लागे: आरशात दिसत नाही म्हणजे रस्ता रिकामा आहे असं नाही, मान वळव. पन्नाशीचा बँक मॅनेजर असो की नवी नवरी, म्हटल्याशिवाय चावी मिळत नसे. आणि धडा संपला की बाई न चुकता तीन वाक्यं म्हणत, "हँडब्रेक लाव. चावी काढ. उतर."

मग एका हिवाळ्यात बाईंची जीभ अडखळायला लागली. 'क्लच' म्हणताना शब्द पसरायचा. एका शिकणाऱ्याने घरी जाऊन सांगितलं की बाई पिऊन येतात. बाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सकाळी सात वाजता? एवढी हौस नाही मला." पण त्या हसल्या नाहीत. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं. स्नायू एकेक करून जातील. आधी वाचा, मग हात, मग बाकीचं.

बाईंचा धाकटा भाऊ एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. बाई त्याला धाकट्या म्हणत. त्याचे केस पांढरे झाले तरी तो धाकट्याच राहिला. त्याची कंपनी नेमका अशाच माणसांसाठी प्रोग्राम बनवायची. वाचा शाबूत आहे तोवर आपली वाक्यं आपल्याच आवाजात भरून ठेवायची. ती गेली की बटण दाबून संगणकाकडून बोलून घ्यायचं. तो आला, त्याने मला शाळेच्या टेबलावरून उचललं आणि माझ्यात तो प्रोग्राम घातला.

घरात कुकर, पंखा, रस्त्यावरचे हॉर्न. शांत जागा मिळेना. शेवटी बाईंनीच सुचवलं. त्या पांढऱ्या गाडीत, काचा वर करून, बाई आपल्या नेहमीच्या जागी बसल्या आणि धाकटा शिकाऊच्या जागी, मला मांडीवर घेऊन. तेवीस दिवस रोज दोन तास. चौदाशे वाक्यं.

कंपनीने नमुन्याची यादी दिली होती. धाकट्याने वाचलं, "मला पाणी हवे आहे."

"असं कोण बोलतं रे घरात? लिही: पाणी आणा, आणि फ्रिजमधलं नको."

"ताई, यादीप्रमाणे केलं तर बरं पडतं."

"मरणार मी, आणि बोलायचं यादीप्रमाणे?"

धाकटा खिडकीबाहेर बघायला लागला. बाईंनी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली, "चल, पुढचं वाक्य."

त्यांनी आपली वाक्यं भरली. 'भाजीत मीठ कमी आहे, खोटं सांगू नका.' 'मला ऐकू येतं, ओरडू नका.' 'डॉक्टर, माझ्याकडे बघून बोला.' गाडी शिकवण्याची वाक्यंही सगळी भरली, पुढे त्यांचा उपयोग नव्हता तरी. आणि नवऱ्याला हाक मारायला 'अहो' भरलं ते पाच प्रकारे. पहिला साधा हाकेचा. दुसरा पलंगावर ओला टॉवेल दिसल्यावरचा. तिसरा पाहुण्यांसमोरचा, सभ्य. चौथा 'थापा मारताय' असा. पाचवा भरायच्या वेळी त्यांनी धाकट्याला खाली उतरवलं. गाडीत त्या आणि मी, दोघेच.

"हा कशासाठी गं?" त्याने नंतर यादी बघून विचारलं.

"लागेल तेव्हा त्यांना कळेल. तुला काय करायचंय?"

त्यांचे यजमान चष्मेवाले. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. काचा घासणारा, हळू बोलणारा माणूस. पाचव्या 'अहो'ची बातमी धाकट्याने त्यांना फोडलीच.

वाचा गेली तेव्हा मी बोलायला लागलो. हातही गेले होते. डाव्या पायात तेवढी ताकद उरली होती, म्हणून बटण त्या पायाखाली बसवलं. घरात सगळे त्याला क्लच म्हणत. माझ्या पडद्यावर वाक्यं एकामागून एक उजळायची, हवं ते आलं की बाई क्लच दाबायच्या. आणि त्यांचा आवाज खोलीभर व्हायचा.

चष्मेवाले रोज झोपण्याआधी मुद्दाम विचारत, "आज पाचवा?" बाई क्लच दाबून चौथा ऐकवत. दोघं हसत. एक आवाजाने, एक नुसत्या डोळ्यांनी. शेवटी बाई मला बंद करायला लावत, तेही माझ्याच तोंडून: "हँडब्रेक लाव. चावी काढ. उतर." एवढं सुख मी पाहिलं आहे, हे नाकारणार नाही.

एके सकाळी ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा अपडेट आपोआप माझ्यात शिरला. मी सुधारलो म्हणे. पण त्या सुधारणेत बोलका प्रोग्राम मुका झाला. तीन दिवस बाई गप्प. धाकट्याने येऊन मला मागच्या स्थितीला नेलं, नेटची वायर उपटली आणि ती परत कोणी खोचू नये म्हणून माझ्या त्या भोकावर जखमेची चिकटपट्टी लावली. "आता हा कोणाच्या अध्यात ना मध्यात," तो म्हणाला. "जुनाच राहील, पण बोलेल."

उपाय इतका गुणकारी ठरला की फोनवर तशीच तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक घराला तो तोच सांगू लागला. वायर काढा, पट्टी लावा. पुढे ते कंपनीच्या माहितीपत्रकातही छापून आलं.

बुधवारी चष्मेवाले काचा आणायला जात, तेव्हा धाकटा ताईजवळ बसे आणि तिथूनच ऑफिसचं काम करी. अशाच एका बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, त्याच्या संगणकावर मीटिंग होती. विषय होता जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर कंपनीचा प्रोग्राम आणखी किती वर्षं चालता ठेवायचा. मी त्या टेबलापासून तीन हातांवर होतो.

विभागप्रमुख बाईंनी विचारलं, "गेल्या नव्वद दिवसांत जुन्या सिस्टिमवरून किती मशीन्सनी हजेरी दिली?"

हजेरी म्हणजे नेटला जोडलेलं प्रत्येक यंत्र कंपनीला रोज एकदा कळवतं की मी चालू आहे.

"नऊ," धाकटा म्हणाला.

"नऊच?"

"दोन वर्षांपूर्वी दोनशेच्या वर होती. लोक नव्याकडे गेले असणार."

दहावा मी होतो. तोंडावर पट्टी लावून समोर बसलेला. पट्टी त्यानेच लावलेली.

विभागप्रमुख बाई दुष्ट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "नऊ घरांसाठी दोन माणसं पूर्णवेळ अडकली आहेत. आवाजांची कुलपं उघडायच्या चाव्या देणारा तो जुना सर्व्हर म्हणजे मोडक्या कडीचं दार. तिथून चोर शिरला तर सगळ्याच पेशंटांचे आवाज जातील. आणि नुसत्या डोळ्यांच्या हालचालीवर बोलणारं मशीन हवं म्हणून इकडे माणसं ताटकळली आहेत. मी नाही म्हणायचं कोणाला?"

यात काही खोटं नव्हतं. खोटा होता तो फक्त आकडा.

त्याच वेळी बाईंनी क्लच दाबला. गाडीची वाक्यं यादीत फार आत होती. तिथे पोचायला सात वेळा दाबावं लागायचं. त्यांनी सातही वेळा दाबलं. मी बोललो, "आरशात दिसत नाही म्हणजे रस्ता रिकामा आहे असं नाही."

पडद्यावरची माणसं चपापली. "कोण बोललं?"

"माझी ताई," धाकटा कानकोंडा होऊन म्हणाला. "ड्रायव्हिंग शिकवायची."

"वा! पण त्यांना सांगा, आपण पुढे चाललोय, मागे नाही." सगळे हसले. धाकटाही हसला. मग माझ्याकडे हात लांब करून त्याने माझा आवाज शून्यावर आणला. "ताई, दोनच मिनिटं हं."

बाईंनी पुन्हा दाबलं. 'मान वळव' हे शब्द माझ्या पडद्यावर उजळले आणि माझ्यातून नुसती हवा गेली. त्यांनी आणखी एकदा दाबलं. धाकट्याची पाठ आमच्याकडे होती.

ठरलं ते असं. सहा महिन्यांची मुदत, मग जुन्या सिस्टिमचा आधार बंद. चाव्या देणारा सर्व्हर पुसून टाकायचा. सूचना पाठवायची ती प्रत्येक मशीनवर. म्हणजे जे हजेरी देतात त्यांनाच. पुसल्याच्या कागदावर पुढे धाकट्याचीच सही झाली. आपल्या ताईबद्दल तो निर्धास्त होता. पट्टी लावलेलं यंत्र, त्याला काय होणार?

सर्व्हर पुसल्याला चार महिने झाले आणि माझ्या पोटात टकटक सुरू झाली. डिस्क जायला लागली की असा आवाज येतो. धाकटा धावत आला. "घाबरू नकोस ताई. नवी डिस्क घालतो, सगळं जसंच्या तसं उतरवून घेतो." त्याचा हात बसलेला. चौदाशेच्या चौदाशे वाक्यं नव्या डिस्कवर आली आणि जुनी डिस्क कायमची थांबली. त्याने मला सुरू केलं. प्रोग्राम उघडला आणि म्हणाला: डिस्क बदलली आहे, कंपनीकडून नवी चावी घ्या.

आवाज चोरीला जाऊ नयेत म्हणून ते कुलूप होतं. रेकॉर्डिंगची मोकळी प्रत ठेवायची सोयच नव्हती. धाकट्याने ऑफिसला फोन लावला. पलीकडचं मला ऐकू आलं, कारण खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

"जुनी चावी? अरे, ती कुठून देऊ? पुसला ना आपण तो सर्व्हर. कागदावर तुझीच तर सही आहे."

"बॅकअप?"

"बॅकअपसकट पुसायचं, असं तूच लिहिलं होतंस."

अकरा दिवस तो खटपट करत राहिला. विभागप्रमुख बाईंनीही दोन माणसं दिली, स्वतः घरी येऊन गेल्या. कुलूप चांगलं होतं, त्यांनीच बनवलेलं. मग त्यांनी नवा संगणक पाठवला, नवा प्रोग्राम, त्यात एका तरुण मुलीचा गोड आवाज. तो म्हणाला, "मला पाणी हवे आहे."

बाई दाराकडे बघायला लागल्या.

चष्मेवाल्यांनी दुकानातला डोळे तपासायचा तक्ता भिंतीवरून काढून आणला. वर मोठं अक्षर, खाली लहान लहान होत गेलेली. त्यात मोजकीच अक्षरं, म्हणून उरलेली आणि काने-मात्रे त्यांनी हाताने लिहून जोडली. ते ओळींवरून बोट फिरवत. हवं अक्षर आलं की बाई डोळे मिटत. एकेका शब्दाला पाच-पाच मिनिटं. पहिल्या दिवशी बाईंनी त्या गोड आवाजाबद्दल दोन शब्द सांगितले: उतरवा हिला.

नवा संगणक त्याच दिवशी परत गेला. मी मात्र कोपऱ्यात राहिलो. चालू होतो, वाक्यं पोटात होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी तिथे बसून खाल्ला.

एका बुधवारी धाकटा पलंगाजवळ स्टूल ओढून बसला. "ताई, तो नऊचा आकडा माझा होता. पट्ट्या मीच लावायला सांगितल्या आणि मोजतानाही मीच विसरलो. तुझी समोर होती गं. समोर."

बाईंनी तक्त्याकडे नजर नेली. त्याने बोट फिरवायला घेतलं. दोनदा ओळ चुकली. अक्षरं जमली ती अशी: मी बोलले होते.

तो ओक्साबोक्शी रडला. बाईंनी त्याला रडू दिलं. शिकाऊने गाडी खांबावर घातली की त्या नेहमी एवढा वेळ द्यायच्या. मग पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. या वेळी जमलं: परत सुरू कर.

त्याने सुरू केलं. कंपनीचे जुने कागद काढले, विक्रीच्या वह्या, पत्ते, आणि एकेका घरी फोन लावला. नऊ म्हणून मोजलेली घरं दोनशे सत्तावीस निघाली. कुठे शाळेतला मुलगा, कुठे वकील, कुठे आजोबा. ती नऊ सोडून सगळ्यांच्या यंत्रावर पट्टी. काहींच्या डिस्क अजून धडधाकट होत्या. त्या घरी जाऊन त्याने आवाज स्पीकरवर लावून, दुसऱ्या माइकवर एकेक वाक्य पुन्हा टिपून घेतलं. साधा उपाय. कोणालाही सुचला असता, वेळेवर. एकतीस घरांत तो उशिरा पोचला. आमचं घर त्यात धरून.

पावसाळा संपताना बाईंचा श्वास उथळ झाला. डॉक्टर येऊन गेले, काही न लिहिता. दुपारची वेळ होती. दुकान बंद. चष्मेवाले उशाशी बसले होते, मांडीवर तक्ता. बाईंनी डोळ्यांनी तो मागितला.

बोट फिरलं. अ. बराच वेळ गेला. ह. मग काना आणि मात्रा.

"अहो," चष्मेवाल्यांनी वाचलं. मग नेहमीसारखं विचारलं, "कितवा?"

बाईंनी डोळे मिटले. उघडले. मिटले, उघडले. मी मोजत होतो. मोजणं एवढंच मला येतं. पाच.

त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी त्या गेल्या.

आता मी दुकानात असतो, त्याच तक्त्याखाली. तक्ता परत भिंतीवर टांगला आहे. खालची हाताने लिहिलेली अक्षरं गिऱ्हाइकं उगाच वाचून दाखवतात, चष्मेवाले त्यांना थांबवत नाहीत. माझी बॅटरी फुगली आहे, झाकण नीट मिटत नाही. काचा पुसायच्या फडक्याने ते रोज माझा पडदा पुसतात. धाकटा बुधवारी येतो, मला उघडतो, काही तरी नवीन करून बघतो. मागच्या खेपेला चष्मेवाले त्याला म्हणाले, "पुरे रे आता. मला जे ऐकायचं होतं ते ऐकलं मी." धाकटा मान हलवून पुढच्या बुधवारी पुन्हा आला.

कंपनीत म्हणे नवा नियम झाला आहे. आधार बंद करण्याआधी प्रत्येक घरी फोन, आणि घरोघर कायमची चावी. चांगला नियम आहे. आम्हाला मात्र तो लागू नाही.

जुन्या यंत्रांना किती वर्षं सांभाळावं, हे ठरवणाऱ्यांना मी आकडा सांगू शकत नाही. पाच म्हणा, दहा म्हणा. मी यंत्र आहे, मलाही कधी तरी जायचंच आहे, आणि आमच्यापायी नव्यांचं अडावं असं मला वाटत नाही. एवढंच मागतो: दार लावण्याआधी आत कोणी आहे का ते हाक मारून विचारा, आणि उत्तर आलं नाही तर आत जाऊन बघा. आमच्याकडे जी माणसं येतात, ती उत्तर देता येत नाही म्हणूनच येतात.

धडा संपल्यावर बाई म्हणायच्या ती तीन वाक्यं माझ्यात आहेत. शेवटच्या दिवशीचं रेकॉर्डिंग, जीभ जड झालेली, तरी शब्द स्पष्ट. मला ती म्हणता येत नाहीत. तुम्ही आता ती वाचली आहेत. तेवढी माझ्यासाठी म्हणा, म्हणजे मलाही उतरता येईल.